विश्वासदर्शक की अविश्वास? १९९९ साली वाजपेयींचं सरकार नेमकं कशावर पडलं

‘अविश्वास ठराव आला आणि वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं.’ हे वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की कुणाला खटकतही नाही. पण १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत जो ठराव मतदानाला आला तो विरोधकांचा नव्हता. तो खुद्द अटलबिहारी वाजपेयींनी मांडला होता आणि मजकूर उलटा होता: या मंत्रिमंडळावर सभागृह विश्वास व्यक्त करत आहे. बाजूने २६९, विरोधात २७०. ठराव नामंजूर, म्हणून सरकार गेलं.

फरक शाब्दिक वाटेल, पण आजवर केंद्रातलं एकही सरकार अविश्वास ठराव मंजूर होऊन पडलेलं नाही. सभागृहातल्या मतदानात पडली ती तीन: १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं, १९९७ मध्ये देवेगौडांचं आणि १९९९ मध्ये वाजपेयींचं. तिन्ही स्वतःच मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर पडली. विरोधकांचं म्हणून जे शस्त्र सगळ्यांना ठाऊक आहे त्याने अजून एकही शिकार केलेली नाही.

दोन्ही ठरावांचं मूळ एकच आहे, राज्यघटनेचं कलम ७५(३): मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. ‘विश्वासदर्शक’ किंवा ‘अविश्वास’ हे शब्द मात्र या कलमात नाहीत. तपशील लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत आहे, तोही एकाच ठरावाचा. अविश्वास ठरावासाठी नियम १९८ आहे. विश्वासदर्शक ठरावाला स्वतंत्र नियमच नाही. तो नियम १८४ खाली, इतर कुठल्याही साध्या प्रस्तावासारखा, एका ओळीत मांडला जातो. आघाडीच्या काळात एवढी सरकारं ज्याच्यावर तोलली गेली, त्याच्या वाट्याला नियमपुस्तिकेत एक क्रमांकही आलेला नाही, ही गंमतच म्हणायची.

नियम १९८ चा क्रम असा. ठराव आणणाऱ्या सदस्याने त्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत लेखी सूचना द्यायची. कारणं लिहायची गरज नाही. निंदाव्यंजक, म्हणजे एखाद्या कृतीचा निषेध करणाऱ्या, ठरावात ती लागतात आणि तो एका मंत्र्यापुरताही असू शकतो, अविश्वास मात्र अख्ख्या मंत्रिमंडळावर असतो. सूचना नियमात बसत असेल तर अध्यक्ष ती सभागृहात वाचतात आणि पाठिंबा असणाऱ्यांनी जागेवर उभं राहावं असं सांगतात. किमान ५० सदस्य उभे राहिले की परवानगी मिळाली. त्यानंतर १० दिवसांच्या आत चर्चेचा दिवस ठरवायचा. ‘आत्ताच्या आत्ता चर्चा घ्या’ असं विरोधक ओरडतात, पण दिवस निवडणं अध्यक्षांच्या हातात आहे.

घोडं अडतं ते बहुधा या उभं राहण्याच्या पायरीवर. मार्च २०१८ मध्ये तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेस यांनी दिवसामागून दिवस सूचना दिल्या. सभागृहात दुसरेच पक्ष फलक घेऊन अध्यक्षांच्या आसनासमोर उभे. अशा गोंधळात ५० डोकी मोजता येत नाहीत, असं अध्यक्ष सुमित्रा महाजन रोज सांगायच्या आणि कामकाज तहकूब व्हायचं. अख्खं अधिवेशन तसंच गेलं. पुढे पावसाळी अधिवेशनात सूचना स्वीकारली गेली आणि २० जुलैला मतदान होऊन ठराव १२६ विरुद्ध ३२५ असा फेटाळला गेला. म्हणजे ५० जणांचा पाठिंबा असून भागत नाही, ते मोजता येण्याइतकी शांतताही लागते. आणि शांतता बिघडवायला कुणालाच ५० माणसं लागत नाहीत.

विश्वासदर्शक ठरावात यातलं काहीच नाही. पंतप्रधान सूचना देतात, दिवस ठरतो, पंतप्रधानच ठराव मांडतात आणि शेवटचं उत्तरही तेच देतात. पण हा ठराव सरकार हौसेने क्वचितच आणतं. बहुतेक वेळा राष्ट्रपती भवनातून पत्र आलेलं असतं.

ते पत्र दोन प्रसंगी येतं. एक, निकालानंतर कुणालाच स्पष्ट बहुमत नसताना कुणाला तरी पंतप्रधान नेमावं लागतं तेव्हा. शपथ आधी, बहुमत मागाहून. मे १९९६ मध्ये वाजपेयींना अशी साधारण दोन आठवड्यांची मुदत मिळाली. त्यांनी ठराव मांडला, दोन दिवस चर्चा झाली आणि मतदान न घेताच ते राजीनामा द्यायला निघाले. मार्च १९९८ मध्ये त्यांनी तीच परीक्षा २७४ विरुद्ध २६१ अशी पार केली. दुसरा प्रसंग म्हणजे चालू सरकारचा एखादा पक्ष पाठिंबा काढतो तेव्हा. पाठिंबा काढल्याचं पत्र राष्ट्रपतींकडे जातं, लोकसभेच्या अध्यक्षांकडे नाही, म्हणून चेंडूही तिथूनच परत येतो. एप्रिल १९९९ मध्ये जयललितांच्या अण्णा द्रमुकने पत्र दिलं आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना विश्वासमत घ्यायला सांगितलं. विरोधकांना अविश्वास ठराव आणण्याचे कष्टच पडले नाहीत.

सरकारं विश्वासदर्शक ठरावावर का पडतात आणि अविश्वास ठरावावर का नाही, याचं उत्तर इथे आहे. संख्या खरोखरच डळमळली की विरोधकांच्या आधी राष्ट्रपती विचारतात. आणि संख्या भक्कम असते तेव्हा विरोधक अविश्वास आणतात तो सरकार पाडायला नव्हे, पंतप्रधानांना सभागृहात बोलायला लावण्यासाठी. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरूंविरुद्ध पहिला ठराव आणला, चीन युद्धातल्या पराभवाच्या पार्श्वभूमीवर; बाजूने ६२, विरोधात ३४७. इंदिरा गांधींनी असे १५ ठराव पचवले. ऑगस्ट २०२३ मध्ये गौरव गोगोईंनी आणलेला ठराव मणिपूरवर पंतप्रधानांनी बोलावं यासाठी होता. तीन दिवस चर्चा झाली, उत्तर चालू असताना विरोधक बाहेर पडले आणि ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. मोजणीसुद्धा झाली नाही. अशा ठरावाला ‘फसला’ म्हणणं म्हणजे मोर्चाला ‘मंत्रालय ताब्यात घेता आलं नाही’ म्हणण्यासारखं आहे.

अविश्वास ठरावाने खरंच घाम फोडला तो दोनदा. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंविरुद्ध ठराव मांडला. जनता पक्षातून माणसं इतक्या वेगाने गळू लागली की १५ जुलैला, मतदानाआधीच, मोरारजींनी राजीनामा दिला. ठराव मंजूर झाला नाही, पण काम झालं. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी आधी चव्हाणांनाच सरकार बनवण्याबद्दल विचारलं; त्यांना संख्या जमली नाही. मग चरणसिंग आले, आणि ते लोकसभेला सामोरे न जाताच गेले. दुसरी वेळ २८ जुलै १९९३ ची. नरसिंह रावांचं अल्पमतातलं सरकार, ठरावाच्या बाजूने २५१, विरोधात २६५. ती १४ मतांची आघाडी कशी जमली याचा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. लाच घेऊन मत दिलेल्या खासदारांना घटनेचं संरक्षण आहे असं १९९८ मध्ये ठरलं. सात न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल ४ मार्च २०२४ रोजी फिरवला.

आता मतदानाच्या बटणाकडे या, कारण गोंधळाची दुसरी जागा तीच. अध्यक्ष आधी आवाजी मतदान घेतात. कुणी मतविभागणी मागितली की लॉबी रिकामी करायचा आदेश निघतो, घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी दारं बंद. मग प्रत्येकाने आपापल्या जागेवरून ‘होय’, ‘नाही’ किंवा तटस्थ असं बटण दाबायचं. विश्वासदर्शक ठरावात ‘होय’ म्हणजे सरकार राहो. अविश्वास ठरावात ‘होय’ म्हणजे सरकार जावो. त्यामुळे ‘सरकारला २६५ मतं मिळाली’ एवढं वाचून ती होयची की नाहीची ते कळत नाही. आधी ठराव कुणाचा ते बघावं लागतं.

दोन्हीकडे बहुमत मोजतात ते हजर राहून मत देणाऱ्यांचं, एकूण ५४३ चं नाही. २७२ हा आकडा टीव्हीवर सारखा झळकतो, पण नियमाने तो लागतोच असं नाही. वीस खासदार घरी बसले किंवा तटस्थ राहिले तर लागणारा आकडा दहाने खाली येतो. म्हणून आघाडीच्या राजकारणात ‘तटस्थ’ हा शब्द भिडस्त नसतो, तो सौद्याचा शब्द आहे. एप्रिल १९९९ मध्ये बसपचे पाच खासदार तटस्थ राहतील अशी सरकारची समजूत होती. त्यांनी ऐनवेळी विरोधात मत दिलं. पाच माणसं, आणि फरक एका मताचा. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोज पक्षादेश मोडून विरोधात गेले. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊन दोन महिने झालेले गिरिधर गमांग यांनी खासदारकी सोडली नव्हती. त्यांनी मत द्यावं की नाही हे अध्यक्ष बालयोगींनी त्यांच्या सदसद्विवेकावर सोडलं आणि त्यांनी दिलं. ‘ते एक मत’ म्हणून लोक गमांगांकडेच बोट दाखवतात. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे. एका मताने हरल्यावर फिरलेलं प्रत्येक मत तेच एक मत असतं.

गमांग आले नसते तर २६९-२६९. अशा वेळी कलम १००(१) नुसार अध्यक्षांना निर्णायक मत असतं. एरवी ते मतदान करत नाहीत. अध्यक्ष सरकारला पाठिंबा देणाऱ्या तेलुगू देसमचे होते. लहान पक्ष आघाडीच्या वाटाघाटीत अध्यक्षपदासाठी का अडून बसतात, याचं एक कारण हेही आहे.

आणखी एक बारकावा. राज्यसभेत यातला कुठलाही ठराव येत नाही, पण पंतप्रधान राज्यसभेचा असू शकतो. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढल्यावर मनमोहन सिंगांनी लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला. तो २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६ असा जिंकला. त्या २७५ मध्ये त्यांचं स्वतःचं मत नव्हतं. मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत मात्र आपल्याच सभागृहात. देवेगौडा १९९७ मध्ये याच कारणाने स्वतःच्याच ठरावावर मत देऊ शकले नव्हते.

महाराष्ट्राला हा फरक २०२२ मध्ये महागात पडून कळला. विधानसभेत कुणी अविश्वास ठराव आणला नव्हता. राज्यपालांनीच ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. उद्धव ठाकरेंनी आदल्या रात्री राजीनामा दिला. राज्यपालांकडे तसं सांगायला पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला म्हटलं. पण मतदानाला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही, हेही सांगितलं. विरोधकांनी अविश्वास ठराव आणला असता तर राज्यपालांच्या निर्णयाचा प्रश्नच उद्भवला नसता. विरोधकांना सभागृहाची वाट मोकळी असताना राजभवनाची निवडली जाते, तेव्हा का निवडली हे विचारावं.

शेजारी पाहिलं की आपली व्यवस्था किती सैल आहे ते दिसतं. पाकिस्तानात अविश्वास ठरावाला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. एप्रिल २०२२ मध्ये इम्रान खान गेले तेव्हा ३४२ पैकी १७२ हवी होती, १७४ मिळाली. नेपाळात दोन्ही ठराव थेट राज्यघटनेत, कलम १०० मध्ये आहेत. घटक पक्षाने पाठिंबा काढला की पंतप्रधानाने ३० दिवसांत विश्वासमत घ्यायचंच, राष्ट्रपतींच्या पत्राची वाट नाही बघायची. त्यालाही एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, म्हणजे २७५ मध्ये १३८. तिथे तटस्थ राहणं हे विरोधात जाण्यासारखंच. पंतप्रधान प्रचंड १२ जुलै २०२४ रोजी असेच गेले, बाजूने ६३, विरोधात १९४. अविश्वास ठराव मात्र पहिली दोन वर्षं आणता येत नाही, आणि आणताना पुढचा पंतप्रधान कोण त्याचं नाव ठरावातच लिहावं लागतं.

आपल्याकडे ते नाव कुणी विचारत नाही. १९९९ मध्ये सरकार पाडायला २७० एकत्र आले. चार दिवसांनी सोनिया गांधींनी राष्ट्रपती भवनाबाहेर २७२ चा दावा केला. मुलायमसिंहांनी काँग्रेसच्या सरकारला पाठिंबा नाकारला आणि आकडा जुळला नाही. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली, वाजपेयी काळजीवाहू म्हणून राहिले, आणि मे ते जुलै कारगिलचं युद्ध लोकसभेचा विश्वास गमावलेल्या सरकारने लढलं.