उभ्या ट्रकलाही कर लागतो

ऊसतोडीचा हंगाम संपला की बीड-लातूरकडे कित्येक ट्रक शेतात उभे राहतात. ‘चाक फिरत नाही, मग टॅक्स कशाचा?’ हा समज जुना आणि महागाचा आहे. राज्याच्या १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यात वापरलेल्या गाडीइतकीच ‘वापरासाठी ठेवलेली’ गाडीही करपात्र आहे.

सूट हवी तर मुदत सुरू होण्याआधीच आरटीओत वापर बंदची सूचना द्यावी: कारण, काळ आणि गाडी उभी राहण्याची जागा लिहून. नंतर ती परवानगीशिवाय हलवली की सूट गेली. मागाहून दिलेला गॅरेजवाल्याचा दाखला सहसा टिकत नाही. थकबाकीवर व्याज चढतं, गाडी अडकवून ठेवता येते, वसुली जमीन महसुलासारखी होते. एकरकमी कर भरलेल्या दुचाकीवाल्यांना ही भानगड नाही.