सळी ताणताना पायांची खबर

मुलाच्या कण्याला बाक आहे, ऑपरेशन लागेल, असं कळलं की नात्यातून पहिला सल्ला येतो: "कण्याला हात लावू देऊ नका, पाय जातील." ही भीती निराधार नाही, पण अवाच्या सवा फुगवलेली आहे. एरवी निरोगी असलेल्या किशोरवयीन मुलांचा स्कोलिओसिस (कण्याचा बाजूला झुकणारा बाक) साधारण 45-50 अंशांपुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत मज्जारज्जूला (कण्यातून पायांकडे जाणाऱ्या नसांच्या दोराला) इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे.

या शस्त्रक्रियेत मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना धातूची सळी जोडतात. स्क्रू भलतीकडे गेला तर इजा होणार, हे उघडच आहे. पण सळीने कणा सरळ करताना मज्जारज्जू ताणला जातो आणि त्याच्या बारीक रक्तवाहिन्याही. त्यातच रक्तस्रावाने रक्तदाब उतरला, तर मज्जारज्जूची उपासमार होते.

1973 साली फ्रान्समध्ये स्टान्यारा आणि सहकाऱ्यांनी ही इजा वेळीच कळावी म्हणून धाडसी उपाय मांडला: ऑपरेशन चालू असतानाच भूल हलकी करून रुग्णाला "पाय हलव" म्हणायचं! आता डोक्याच्या त्वचेत सुया बसवून मेंदूला काहीशे व्होल्टचे क्षणिक झटके देतात आणि हातापायांच्या स्नायूंत उमटणारी विजेची लहर पडद्यावर पाहतात. झटक्यासरशी जबडा आवळतो, म्हणून जीभ चावू नये यासाठी दातांमध्ये गॉजची गुंडाळी ठेवतात. श्वासावाटे दिलेल्या भुलीने लहरी दबतात, त्यामुळे भूलतज्ज्ञ शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध देणं पसंत करतात. खरी हुशारी हातांच्या लहरीत आहे. हातापायांच्या दोन्ही लहरी मंदावल्या, तर संशय भुलीवर किंवा रक्तदाबावर. हातांची शाबूत आणि फक्त पायांची गेली, तर गडबड पाठीतल्या मज्जारज्जूत. मग काम थांबतं, रक्तदाब वाढवतात, सळीचा ताण सैल करतात. बहुतेक वेळा लहर परत येते.

(बाक ग्रहणामुळे येत नाही, जड दप्तरामुळेही नाही. आणि मालिश करून तो "बसवून देणाऱ्यां"पासून चार हात लांबच राहावं.)

ऑपरेशनचे इतर धोकेही आहेत. जंतुसंसर्गाचा धोका नेहमीचाच, कधी वर्षांनंतरही डोकं वर काढणारा. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचे आजार असलेल्या मुलांत तो, आणि फुप्फुसांचा त्रासही, कितीतरी जास्त. ऑपरेशननंतर हिरव्या उलट्या थांबेनात, तर ताणलेल्या कण्यामुळे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग महाधमनी आणि तिच्या फाट्यामध्ये दबला असू शकतो.

फार लहान वयात कण्याचे मणके फक्त मागून एकमेकांना कायमचे जोडले, तर पुढची हाडं वाढतच राहतात आणि जोडलेला भाग पुन्हा पिळवटतो. म्हणून अशा मुलांत कणा लगेच न जोडता लांब करता येणाऱ्या सळ्या घालतात. त्यांची डोकेदुखी वेगळी: सळी मोडते, ती धरून ठेवणारा हूक निसटतो, मूल पुन्हा टेबलावर.