खाद्यउद्योगातील मानवी हक्कविषयक बांधिलकी

आपल्या कारखान्यात, शेतमालाच्या खरेदीत आणि माल पुरवणाऱ्यांच्या कामाच्या ठिकाणी माणसांच्या मूलभूत हक्कांचा भंग होऊ देणार नाही, आणि झालाच तर तो शोधून त्याचे निवारण करू, असे खाद्यपदार्थ किंवा पेये बनवणाऱ्या कंपनीने जाहीरपणे पत्करलेले दायित्व. संचालक मंडळाने मंजूर केलेले लेखी धोरण हे त्याचे नेहमीचे रूप होय. सक्तीची मजुरी, बालमजुरी, भेदभाव, संघटनेचे व सामूहिक वाटाघाटीचे स्वातंत्र्य आणि सुरक्षित, आरोग्यदायी कामाची जागा हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मूलभूत मानलेले पाच विषय (यांतील शेवटचा २०२२ मध्ये जोडला गेला) त्यात बहुधा असतातच. शिवाय जमीन, पाणी आणि छोट्या शेतकऱ्याची मिळकत हे प्रश्न खाद्यउद्योगाला टाळता येत नाहीत.

या उद्योगाचा कच्चा माल असंख्य लहान शेतांतून, हंगामी व स्थलांतरित मजुरांच्या हातून आणि अडत्या, मुकादम, वाहतूकदार अशा मध्यस्थांच्या साखळीतून येतो. कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यातील कायम कामगाराला हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधी आणि बरेचदा संघटनाही असते. ज्याच्या हक्कांचा प्रश्न सर्वांत बिकट असतो, त्याचे नाव मात्र कंपनीच्या कोणत्याच दप्तरात सापडत नाही. त्यामुळे अशा धोरणाची पारख करताना त्यातील भाषेपेक्षा ते साखळीच्या कोणत्या पायरीपर्यंत उतरते आणि त्याचा खर्च कोण सोसतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आजच्या बहुतेक धोरणांची चौकट संयुक्त राष्ट्रांनी घालून दिलेली आहे. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००५ मध्ये जॉन रगी या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना व्यवसाय व मानवी हक्क या विषयासाठी आपले विशेष प्रतिनिधी नेमले. त्यांनी मांडलेल्या ३१ मार्गदर्शक तत्त्वांना मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने मान्यता दिली. हक्कांचे संरक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य, हक्कांचा आदर करणे ही कंपनीची जबाबदारी आणि पीडिताला दाद मिळवून देण्याची सोय ही दोघांचीही बाब, अशी त्यांची तीन अंगे आहेत. सोळावे तत्त्व खुद्द धोरणाविषयी असून ते सर्वोच्च पातळीवर मंजूर झालेले, जाहीर केलेले आणि कंपनीच्या रोजच्या कार्यपद्धतीत उतरलेले असावे, अशी अपेक्षा त्यात आहे. तेरावे तत्त्व त्याहून महत्त्वाचे म्हणावे लागेल. कंपनीने स्वतः केलेला किंवा ज्याला हातभार लावला असा भंग तर तिच्या जबाबदारीत येतोच. पण तिच्या मालाशी किंवा व्यापारी संबंधांशी थेट जोडलेली हानीही, तिचा स्वतःचा हातभार नसला तरी, रोखण्याचा प्रयत्न तिने करायचा आहे. 'तो मजूर आमचा नव्हे' ही जुनी सबब या तत्त्वापुढे टिकत नाही. अर्थात ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे, आणि ती मोडल्याबद्दल कोणालाही शिक्षा होत नाही.

कोको हे या क्षेत्रातील सर्वांत जुने आणि सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तेथील बालमजुरीवरून अमेरिकेत गदारोळ झाल्यावर सिनेटर टॉम हार्किन आणि प्रतिनिधीगृहाचे सदस्य एलियट एंगेल यांच्या पुढाकाराने चॉकलेट उद्योगाने सप्टेंबर २००१ मध्ये सर्वांत वाईट प्रकारची बालमजुरी हटवण्याच्या एका स्वेच्छा करारावर सह्या केल्या. त्यातील २००५ ची मुदत हुकली, पुढच्या मुदतीही हुकल्या आणि २०१० मध्ये '२०२० पर्यंत ७० टक्के घट' असे नवे लक्ष्य ठरले. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांच्या कोको उत्पादक भागांत सुमारे १५.६ लाख मुले कोकोच्या कामात बालमजुरी करत होती, आणि त्यांतील बहुतेकांचे काम धोक्याचे होते. यातील बहुसंख्य मुले पळवून आणलेली नसून आईवडिलांच्याच शेतावर कोयत्याने फळे फोडणारी आणि ओझी वाहणारी आहेत. घरच्या कोकोला मिळणाऱ्या भावात मजूर लावणे परवडत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. ही गोष्ट धोरणकर्त्यांच्या उशिरा लक्षात आली. दोन्ही देशांच्या सरकारांनी २०१९ मध्ये शेतकऱ्याला जादा भाव मिळावा म्हणून खरेदीदारांवर प्रत्येक टनामागे ४०० डॉलरचा अधिभार जाहीर केला, तर नेस्लेने २०२२ पासून मुलांना शाळेत घालणे, झाडांची छाटणी करणे अशा अटींवर शेतकरी कुटुंबांना पहिली दोन वर्षे वर्षाला ५०० स्विस फ्रँकपर्यंत रोख रक्कम देण्याची योजना व्यापक केली.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण साखर हा शीतपेयांचा आणि मिठाईचा प्रमुख कच्चा माल असून महाराष्ट्र हे देशातील आघाडीच्या साखर उत्पादक राज्यांपैकी एक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून लाखो ऊसतोड कामगार कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. हंगामाआधीच मुकादम त्यांना उचल देतो आणि ती अंगावरून फिटेपर्यंत कामगार त्याला बांधलेला राहतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजुरी टनावर मोजली जाऊन कोयत्याच्या नावे पडते आणि ती नवऱ्याच्या हिशेबात जमा होते, म्हणून पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणाऱ्या बाईच्या हाती स्वतःची अशी मजुरी पडतच नाही. दुखण्याबाणीला घरी बसले तर खाडा धरला जातो आणि कापलेली रक्कम उचलीत चढते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा टोळीशी, अशा उतरंडीत कामगाराचा मालक नेमका कोण, याचे उत्तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवून देतो. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हीदेखील सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले होते, आणि वेठबिगारीविरोधी कायदा तर १९७६ पासून आहे. पण फडातल्या उचलीच्या व्यवहाराला ही नावे क्वचितच दिली जातात.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पाच वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट ही पत्रकारिता संस्था यांच्या शोधवृत्ताने याच फडांचा धागा कोका-कोला व पेप्सिको यांच्या साखर खरेदीपर्यंत नेला. या दोन्ही कंपन्यांची मानवी हक्कविषयक धोरणे तोवर कित्येक वर्षे जुनी झालेली होती. भारतातील ऊसफडांत मुले काम करतात आणि मजूर कर्जापोटी राबतात, असे कोका-कोलासाठी २०१९ मध्ये झालेल्या पाहणीतच नोंदवले गेले होते, असेही त्या वृत्तात म्हटले आहे. धोरण होते, माहितीही होती. साखर मात्र त्याच भावाने आणि त्याच वाटेने येत राहिली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली खरी, पण ती कामगार संघटनांचा संप, साखर कारखान्यांच्या संघाशी झालेल्या वाटाघाटी आणि लवादाच्या जुन्या पद्धतीतून आली. कोणत्याही खरेदीदार कंपनीच्या धोरणाचा तिच्याशी संबंध दिसत नाही.

पाहणी आणि प्रमाणपत्र या साधनांवर बहुतेक कंपन्यांची भिस्त असते. साखरेसाठी बॉन्सुक्रो, तर कोको, चहा व कॉफीसाठी फेअरट्रेड व रेनफॉरेस्ट अलायन्स ही प्रमाणपत्रे परिचित आहेत. त्यांची अडचण अशी की पाहणी करणारे बहुधा आधी कळवून येतात, गिरणी किंवा मळा तपासतात, आणि उसाच्या बाबतीत टोळी पालं हलवून केव्हाच दुसऱ्या शिवारात गेलेली असते. कारखान्याच्या आवारात सर्व काही नीटनेटके सापडणे आणि फडात उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीतच राहणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. स्वतःहून खोलवर तपास करवून त्याचे निष्कर्ष जाहीर करण्याची उदाहरणे थोडी आहेत. नेस्लेने २०१५ मध्ये थायलंडमधील मासळीच्या पुरवठ्यात सक्तीची मजुरी असल्याचे आपल्याच सांगण्यावरून झालेल्या पाहणीच्या आधारे मान्य केले, आणि युनिलिव्हरने त्याच वर्षी आपला पहिला स्वतंत्र मानवी हक्क अहवाल काढला.

याहून वेगळी वाट अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी काढली. इमोकाली या गावातील मजूर संघटनेने २००१ मध्ये टाको बेल या उपाहारगृह साखळीवर बहिष्कार पुकारला आणि चार वर्षांनी तिच्या मूळ कंपनीला करारावर आणले. मॅकडॉनल्ड्स, बर्गर किंग व पुढे वॉलमार्टही त्याच वाटेने आले. या करारांतून २०११ मध्ये सर्व फ्लोरिडाभर पसरलेल्या फेअर फूड कार्यक्रमानुसार खरेदीदार कंपनी पौंडामागे साधारण एक सेंट जादा देते, ती रक्कम मजुराच्या पगारात दिसते, आणि नियम मोडणाऱ्या मळ्याकडून माल घेणे थांबवण्यास ती करारानेच बांधलेली असते. करारातील एक कलम बादलीविषयी आहे. सुमारे साडेचौदा किलोची बादली काठोकाठ भरली तरी मुकादम तिच्यावर आणखी शीग चढवायला लावत आणि त्या जादा टोमॅटोंचे पैसे देत नसत. ही शीग बंद झाली, तेव्हा मजुरांची कमाई दर न वाढताही वाढली. असे कलम वातानुकूलित कचेरीत बसून सुचत नाही, ते बादली वाहिलेल्यालाच सुचते. चोवीस तास चालणारा तक्रारीचा दूरध्वनी आणि कामाच्या वेळेत, पगारी, मजुरांनीच मजुरांना दिलेले हक्कशिक्षण हे या कार्यक्रमाचे आणखी दोन आधार आहेत.

कायद्याची बाजू अजून विस्कळीत आहे. ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा मोठ्या कंपन्यांकडून वार्षिक निवेदन मागतो, एवढेच. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये पुरवठा साखळीतील हक्कभंगाचे धोके शोधून ते रोखण्याची दक्षता सक्तीची केली. युरोपीय संघाचा याच दक्षतेविषयीचा व्यापक निर्देश २०२४ मध्ये मंजूर झाला, पण पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकण्यात आली. अमेरिकेत, लहानपणी आयव्हरी कोस्टच्या मळ्यांवर राबवले गेल्याचे सांगणाऱ्या मालीच्या सहा जणांनी नेस्लेची अमेरिकन कंपनी आणि शेतमालाचा व्यापार करणारी कारगिल यांच्यावर भरलेला दावा सोळा वर्षे चालला. गैरवर्तन परदेशात घडले आणि अमेरिकेतील कंपनीचे सर्वसाधारण निर्णय त्याला जोडण्यास पुरेसे नाहीत, या कारणाने तो जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला.

भारतात जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. त्यांतील नऊपैकी पाचवे तत्त्व मानवी हक्कांविषयी आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना या तत्त्वांनुसार वार्षिक अहवाल देणे बंधनकारक केले. पुरवठादारांची माहितीही मोठ्या कंपन्यांकडून घेण्याचे ठरले होते, पण ती अट नंतर ऐच्छिक झाली. महाराष्ट्रातील बरेच साखर कारखाने सहकारी असल्याने शेअर बाजाराच्या या नियमांच्या कक्षेत ते येतच नाहीत. त्यांच्याकडून साखर घेणारी नोंदणीकृत कंपनी येते, पण तिच्या अहवालातील बालमजुरी व सक्तीच्या मजुरीच्या तक्रारींच्या रकान्यात तिच्या स्वतःच्या कामगारांचीच नोंद असते, ऊसतोडीच्या टोळीची नसते.