छप्पर काढलं की गाडीचं काय होतं?

बुटाच्या खोक्याचं झाकण काढा आणि खोक्याची दोन टोकं उलट दिशांना पिळून पाहा. झाकण असताना ताठ राहणारा खोका लगेच वाकडा होतो. उघड्या टपाच्या गाडीची मूळ अडचण हीच. एक चाक खड्ड्यात गेलं की सांगाड्याला पीळ बसतो. तो सोसायला छप्पर नसल्यामुळे सगळा ताण तळावर आणि दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर येतो. जुन्या कन्व्हर्टिबलमध्ये खराब रस्त्यावर आरसा आणि स्टिअरिंगचा दांडा थरथरतात, ते यामुळेच.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली माझदाची एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली मियाटा, मला या बाबतीत फार विचारपूर्वक घडवलेली गाडी वाटते. १.६ लिटरचं इंजिन, जेमतेम ११६ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. नुसत्या आकड्यांवर कुणी भाळणार नाही. या गाडीचे प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांच्या चमूने खरी मेहनत घेतली ती वजन कुठे ठेवायचं यावर. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलं, बॅटरी डिकीत नेली, बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं. चालक बसला की पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखा भार पडतो. शिवाय जड भाग मध्याजवळ असल्याने गाडीचं जडत्व आघूर्ण, म्हणजे दिशा बदलताना होणारा तिचा विरोध, कमी राहतं. स्टिअरिंग जरासं फिरवलं की नाक लगेच वळतं, आणि वळण संपलं की गाडी तितक्याच सहज सरळ होते.

दुसरी करामत खाली दडलेली आहे. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) वेगवेगळ्या रबरी आधारांवर बसवलेले असतात. ॲक्सिलरेटर दाबला की आधी ते आपापल्या जागी हिसका खातात, मग गाडी पुढे जाते. इथे ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने दोन्ही एकमेकांना जखडले आहेत. त्यामुळे पाय दाबला की पाठीला ढकल लगेच जाणवते. गिअरचा दांडा आखूड आहे, मनगटाच्या हालचालीत गिअर पडतो.

टप उघडा असला की वारा समोरून येईल असं वाटतं, पण मानेवर तो मागून येतो. समोरच्या काचेवरून निसटलेल्या हवेमागे आसनांपाशी दाब कमी होतो आणि हवा उलटी वळून आत शिरते. बाजूच्या काचा वर केल्या की त्रास बराच कमी होतो.

पुढे १.८ लिटरचं इंजिन आलं, त्याबरोबर सांगाड्याला जादा आधारही दिले. थरथर कमी झाली, पण वजन थोडं वाढलं. तरी घाटातल्या वळणांसाठी मी पहिली, हलकी गाडीच निवडेन.