बोलणं पोचलं का?
संवादकौशल्य वर्गाची चौकशी करणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. म्हापशातल्या आमच्या छोट्या वर्गाची तुम्ही चौकशी केलीत, म्हणून प्रवेश घेण्याआधी हे वाचायला देतो आहोत.

येणारे बहुतेक जण एकच मागणी घेऊन येतात : "इंग्रजी फाडफाड बोलता आलं पाहिजे." इंग्रजी आम्ही घेतोच. पण हातातली नोकरी किंवा दारात आलेलं गिऱ्हाईक निसटतं तेव्हा बऱ्याचदा कारण वेगळं असतं. समोरच्याला काय हवंय ते नीट ऐकलेलं नसतं, आणि आपलं म्हणणं त्याला कळलं का, हे कुणी विचारलेलं नसतं. आमचा सगळा भर या दोन गोष्टींवर आहे.

जत्रेत जमतं, मुलाखतीत का अडतं?

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत जत्रेला किंवा काल्याला गावचं नाटक ठरलेलं. पानभर संवाद न अडखळता म्हणणारी मुलं गावोगाव आहेत. त्यातलाच एखादा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला बसतो आणि "तुमच्याविषयी सांगा" म्हटल्यावर गप्प होतो. आवाज तोच, धीटपणाही तोच. पण नाटकात समोरचा पुढे काय बोलणार हे आधीपासून ठाऊक असतं, इथे नसतं. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला कोलमडतं.

दुसरं कारण शाळेत आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. चुकलं तर हसतील, या भीतीने त्या वर्षांत जी गप्प बसण्याची सवय लागते ती पुढे सुटत नाही. अशा मुलांच्या बुद्धीत काहीच कमी नसतं, हे पालकांना आम्ही कळकळीने सांगतो. आमच्या वर्गात आधी मुद्दा आपल्या भाषेत मांडून घेतो. तो तिथे सरळ झाला की इंग्रजीत नेणं बरंच सोपं जातं.

परत सांगण्याची सवय

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरल्या तेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. एका विमानातून "आम्ही आता टेक-ऑफला आहोत" असा निरोप आला. नियंत्रकाला वाटलं, विमान तयारीत उभं आहे; प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. त्याने "ओके" म्हटलं आणि पुढे "थांबा" सांगितलं, पण त्याच क्षणी दुसरं विमानही रेडिओवर बोललं आणि ते शब्द कर्कश आवाजात बुडाले. अपघाताला इतरही कारणं होती, पण त्यानंतर बोलण्याचे नियम कडक झाले. "टेक-ऑफ" हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, आणि महत्त्वाची सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची. २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेल्या आपल्या मोपा विमानतळावरही वैमानिक याच शिस्तीने बोलतात.

ही शिस्त हॉटेलच्या काउंटरवर, फार्मसीत, गॅरेजमध्ये तशीच्या तशी चालते. रिसेप्शनवरचा एक प्रसंग आम्ही वर्गात रोज करून घेतो. पाहुणा म्हणतो, "गरम पाणी येत नाही." नेहमीचं उत्तर : "हो सर, बघतो." पाहुणा खोलीत वाट बघत बसतो, चिडतो आणि रात्री ऑनलाइन अभिप्रायात तक्रार लिहून टाकतो. आता हेच असं बोलून बघा :

"खोली २०४, बाथरूममध्ये गरम पाणी नाही, बरोबर? शॉवरला नाही की नळालाही नाही?"
"दोन्हीकडे नाही."
"दहा मिनिटांत माणूस पाठवतो. तो आला नाही तर मला नऊ नंबरवर फोन करा, मीच वर येतो."

इंग्रजी किंवा हिंदी मोडकंतोडकं असलं तरी हे काम होतं. तक्रार परत सांगितली, एक प्रश्न विचारला, वेळ दिली. "बघतो", "करतो", "होईल" हे शब्द वेळ न जोडता वापरायचे नाहीत, हा वर्गातला नियम आहे. घरीही पाळून बघा. नवराबायकोतली निम्मी कुरबुर तिथेच थांबेल, असं आमचं मत आहे.

एक गैरसमज

"संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली" हे वाक्य तुम्ही कुठल्यातरी शिबिरात ऐकलं असेल. ते आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ओळखतो, एवढंच तिथे तपासलं होतं, तेही बहुतांशी सुट्या शब्दांवर. सगळ्या बोलण्याला तो हिशेब लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलं आहे. म्हणून टाय कसा बांधावा, हात कुठे ठेवावेत यावर आम्ही फार वेळ घालवत नाही. नजर समोर, आवाज शेवटच्या शब्दापर्यंत टिकलेला, इतकं पुरे.

ग्रामसभेत बोलायचंय?

हल्ली यासाठीही लोक येतात, विशेषतः महिला, आणि आम्हाला त्याचा फार आनंद आहे. मागणी पहिल्या वाक्यात ठेवा : "आमच्या वाड्यावरचा नळ सकाळी सहाला सुटावा." कारण मागाहून. आधी इतिहास सांगत बसलात तर सभा दुसऱ्या विषयावर जाते.

प्रवेशाविषयी

एका बॅचमध्ये दहा-बारा जणच घेतो, कारण प्रत्येकाने प्रत्येक तासाला बोलायला हवं. शिकवणं मराठीत आणि कोकणीत, सराव तुम्हाला कामावर लागेल त्या भाषेत. महिन्यात इंग्रजी पक्कं करून देण्याची हमी आम्ही देत नाही. तशी अपेक्षा असेल तर कृपया पैसे भरू नका. पहिला तास विनामूल्य आहे. त्या तासाला येताना कामावर किंवा घरी तुम्हाला बोलायला सगळ्यात जड जाणारं एक वाक्य कागदावर लिहून आणा. सुरुवात तिथूनच करू.