घुटमळणे: पाय थबकतात तेव्हा मेंदू काय करतो

ठाणे स्थानकाच्या पादचारी पुलावर सकाळच्या गर्दीत दादरकडे निघालेले कोणीतरी जिन्याच्या तोंडाशी थबकलेले हमखास दिसते. एक पाय पहिल्या पायरीवर उतरलेला असतो, दुसरा अजून पुलावरच असतो आणि मान एकदा जलद लोकलच्या फलाटाकडे, एकदा ठाण्याहूनच सुटणाऱ्या धीम्या लोकलच्या फलाटाकडे वळते. जलद गाडी लवकर पोहोचवेल, पण तिच्यात शिरता येईल का? धीमीत कदाचित बसायला मिळेल, पण उशीर होईल. या स्थितीसाठी मराठीत नेमके क्रियापद आहे, ते म्हणजे घुटमळणे.

मन दोलायमान होते, चित्ताची चलबिचल होते. हे आतल्या आत घडते आणि बाहेरून दिसेलच असे नाही. घुटमळणे मात्र डोळ्यांना दिसते, कारण ते मुळात पावलांचे क्रियापद आहे. ते अकर्मक आहे आणि त्याला बहुधा जागा लागते: दारात, उंबरठ्यापाशी, कोणाच्या तरी अवतीभवती. कचरण्यात भीती असते, रेंगाळण्यात निघण्याची घाई नसते आणि डळमळण्यात आधी झालेला निश्चय ढिला पडतो. घुटमळणाऱ्याला मात्र बहुतेकदा जायचे असते, फक्त पाऊल कोणीकडे टाकावे हे ठरलेले नसते. (भुकेले मांजर पायांत घुटमळते तेव्हा त्याला काय हवे ते पक्के ठाऊक असते, हा अपवाद मान्य करायला हवा. तिथे उरते ते फक्त जागा न सोडणे.) एखादे नाव जिभेवर घुटमळते, तेव्हा तर जीभच उंबरठा होते. रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी 1966 मध्ये या अनुभवाचा अभ्यास केला, तेव्हा न आठवणाऱ्या शब्दाचे पहिले अक्षर लोकांना पुष्कळदा अचूक सांगता येत असल्याचे आढळले.

पुलावरच्या त्या मानेकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण प्रयोगशाळेतला उंदीरही अगदी तसेच करतो. चक्रव्यूहात वाट दुभंगते तिथे तो थांबतो आणि डोके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवतो. 1930 च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी या वर्तनाची दखल घेतली. एडवर्ड टोलमन यांना तर शिकण्याच्या सुरुवातीला अधिक घुटमळणारे उंदीर अधिक चांगले शिकताना दिसले. या थबकण्यात काहीतरी काम चालू असते, हा त्यांचा कयास पुढे मेंदूतल्या नोंदींतून बळकट झाला. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात स्थान-पेशी असतात. जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये त्यांची पहिली नोंद केली आणि 2014 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. उंदीर विशिष्ट ठिकाणी असला की त्या ठिकाणाची पेशी चेतते. अ‍ॅडम जॉन्सन आणि डेव्हिड रेडिश यांनी 2007 मध्ये दाखवलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुभंगावर थांबलेल्या उंदराच्या मेंदूत त्याच्या पुढच्या जागांच्या पेशी चेतत होत्या, आधी एका वाटेवरच्या, मग दुसऱ्या वाटेवरच्या. उंदीर जागचा हललेला नव्हता, पण त्याच्या मेंदूत दोन्ही वाटा आळीपाळीने चालून पाहिल्या जात होत्या. बाहेरून वेळ दवडल्यासारखे दिसणारे हे थबकणे म्हणूनच निव्वळ रिकामे नसते.

वाट सरावाची झाली की हे थांबते. उंदीर दुभंगावर मान न वळवता सरळ निघून जातो, आणि रोजचा प्रवासीही पुलावरून पाट्या न वाचता, पाय नेतील त्या जिन्याने खाली उतरतो. बक्षिसाची जागा बदलली की मात्र उंदीर पुन्हा थबकू लागतो. रविवारी मेगाब्लॉक असतो, जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवलेल्या असतात आणि मग वर्षानुवर्षे त्याच जिन्याने उतरणारी माणसेही पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून दोन्हीकडे पाहताना दिसतात.