बंद मालवाहू गाडीत मोटरसायकल बांधणे

बंद बॉडीचा टेम्पो, कंटेनर किंवा मोटारीमागे ओढायचा बंद ट्रेलर यांत दुचाकी उभी करून ती सरकणार नाही, कलंडणार नाही आणि उसळणार नाही अशी पट्ट्यांनी आवळून धरण्याची पद्धत. उघड्या पिकअपमध्ये दोरी सैल झाली तर चालकाला आरशात दिसते, मागून येणारा हॉर्न मारून सांगतो. बंद गाडीचे दार एकदा लागले की आत काय चालले आहे ते कळत नाही. म्हणून उघड्या गाडीत खपून जाणारी कामचलाऊ बांधणी इथे खपत नाही.

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या सीमाभागात अशी वाहतूक रोजची आहे. राष्ट्रीय महामार्ग 48, म्हणजे जुना पुणे-बेंगळूर 4 क्रमांकाचा रस्ता, या भागाच्या मधून जातो. चाकणच्या बजाज, होसूरच्या टीव्हीएस आणि कोलार जिल्ह्यातील नरसापूरच्या होंडा कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या दुचाकींचे कंटेनर याच वाटेने धावतात. त्या कंटेनरांत चाके अडकवायच्या खाचा आणि ठरलेल्या जागी पट्टे असतात, त्यामुळे तिथे प्रश्न फारसा येत नाही. प्रश्न येतो तो वापरातल्या गाड्यांचा: नोकरीसाठी पुण्याला निघालेल्या मुलाची गाडी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून बदली झालेल्या जवानाची बुलेट, गोव्याहून परत आणायची बंद पडलेली स्कूटर. यांच्यासाठी बहुतेक वेळा रिटर्न भाड्याचा छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) किंवा बंद पत्र्याचा पिकअप पकडला जातो. भाजीपाला किंवा खोकी नेणाऱ्या त्या गाडीत दुचाकी बांधायची सोय अशी काहीच नसते. ट्रेलर म्हणून वेगळा घेतलेला बंद डबा इकडे क्वचितच दिसतो, पण बांधणीचे नियम दोन्हीकडे एकच.

पट्टा अडकवायची कडी कुठे असावी. आतल्या बाजूचा पत्रा गुळगुळीत असतो आणि त्यावरच्या लाकडी पट्ट्यांना हूक अडकवण्याचा मोह होतो. पहिल्या मोठ्या ब्रेकला त्या पट्टीचा स्क्रू उपटून येतो. कडी तळाच्या लोखंडी आडव्या पट्टीला जोडलेली हवी, नुसत्या पत्र्याला नको. बेळगावात उद्यमबाग आणि ऑटोनगर भागात फॅब्रिकेशनची दुकाने पुष्कळ आहेत. चार कड्या वेल्डिंग करून घेणे हे तासाभराचे काम आहे. जो टेम्पोवाला वरचेवर दुचाकी नेतो त्याने हा खर्च टाळू नये.

जोर किती येतो. ईएन 12195-1 हे युरोपीय मानक धरून चालते की जोरात ब्रेक लागल्यावर मालावर त्याच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढे येतो, आणि वळणावर 0.5 पट बाजूला. 195 किलोच्या आसपासच्या बुलेटसाठी हे पुढे सुमारे 156 किलो आणि बाजूला जवळजवळ 98 किलो होते. हमालाने हाताने आवळलेली सुंभाची गाठ हे पेलेल अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. पट्टा निवडताना त्यावरचे लेबल वाचावे. निळे लेबल पॉलिएस्टरचे आणि हिरवे नायलॉनचे असते. नायलॉन ओले झाले की ताणते, म्हणून खानापूर-चोर्ल्याच्या पावसाळ्यात पॉलिएस्टरच बरे. कडेला कापला गेलेला पट्टा गाठ मारून वापरू नये.

बांधणी. गाडी आत चढवण्यापूर्वी टेम्पो शेताच्या बांधाला किंवा उंचवट्याला मागे लावला तर फळीचा उतार कमी होतो आणि माणसे दमत नाहीत. दुचाकी केबिनकडे तोंड करून, पुढचे चाक समोरच्या भिंतीला लावलेल्या जाड ठोकळ्यावर टेकवून उभी करावी. हँडल सरळ, लॉक उघडे. चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी उटी ठोकावी, म्हणजे चाक तळावर डावी-उजवीकडे फिरत नाही.

यानंतरचा भाग नीट करण्यासारखा आहे. एक माणूस गाडीवर बसतो, दोन्ही पाय तळावर. दुसरा मऊ कापडी फासा हँडलला न लावता त्याच्या खाली, दोन्ही फोर्क (पुढचे चाक धरणारे स्प्रिंगचे दांडे) पकडून ठेवणाऱ्या खालच्या जोडाभोवती घालतो. हँडलला घातला तर क्लच आणि ब्रेकच्या केबल चेपतात आणि ताणाने हँडल फिरते. दोन रॅचेट पट्टे (दांडी हलवून आवळायचे, मागे न सरकणारे) त्या फाशातून डाव्या-उजव्या कड्यांना, पुढे आणि बाहेर झुकलेले, जमिनीशी साधारण 45 अंशांत. मग एकेका बाजूला दोन-तीन झटके, पुन्हा दुसरीकडे दोन-तीन, असे करत पुढचा फोर्क दबत जातो. बसलेल्या माणसाला गाडी खाली बसताना जाणवते. फोर्कचा सुमारे अर्धा पल्ला दबला की थांबावे. पूर्ण दाबला तर खड्ड्यात सील फुटून तेल गळते आणि स्प्रिंगला धक्का झेलायला जागाच राहत नाही. कमी दाबला तर पहिल्या गतिरोधकावर फोर्क आणखी दबतो, पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि त्या क्षणात हूक निसटतो. रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे किमान दोन वेढे हवेत, आणि उरलेले टोक गुंडाळून बांधावे. मागचे दोन पट्टे मागे ओढणारे, सीटखालच्या चौकटीला. ते पुढच्याइतके आवळायचे नसतात. सायलेन्सर गरम असताना त्याला टेकणारा पट्टा वितळतो.

स्कूटरला प्लॅस्टिकचे अंग फार. तिथे फासा फोर्कच्या खालच्या भागात घालावा आणि मागचा पट्टा पायदानाखालच्या लोखंडी चौकटीला लावावा. आरसे आधीच काढून ठेवावेत. दोन गाड्या शेजारी असतील तर एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे, म्हणजे हँडले एकमेकांना लागत नाहीत. मागे तोंड असलेलीच्या मागच्या चाकाला ठोकळा द्यावा आणि तिचे केबिनपासून मागे ओढणारे पट्टे जास्त भक्कम घ्यावेत, कारण ब्रेकचा जोर तेच झेलतात.

स्टँडवर बांधणे. सीमाभागात अजूनही सर्रास होणारी चूक ही. साइड स्टँड लावून वरून दोऱ्या आवळल्या की सगळा ताण स्टँडच्या एका बिजागरीवर येतो. फ्रेमवरचा त्याचा जोड तडकतो, स्टँडचे टोक प्लायच्या तळात रुतते. मधल्या स्टँडवर गाडी घट्ट दिसते, पण उसळली की तीच स्टँडवरून पुढे उतरते. गाडी चाकांवर आणि सस्पेन्शनवरच उभी हवी.

पेट्रोल. बंद गाडीतला खरा धोका हा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते, आणि पेट्रोल उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद केलाच पाहिजे. हादऱ्याने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई हलून पेट्रोल ओघळते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या धूर-प्रदूषणाच्या नियमांनंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असते आणि असा कॉकच नसतो, तरी टाकी थोडीच ठेवावी. रेल्वेने गाडी पाठवताना तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. डब्याला खाली आणि वर हवा जायला जाळी असावी. आत गाडी सुरू करू नये, आत विडी ओढू नये, हे क्लीनरला दरवेळी स्पष्ट सांगावे.

घाट आणि तपासणी. नवा आवळलेला पट्टा पहिल्या काही किलोमीटरांत बसतो आणि ढिला होतो. बेळगावहून उत्तरेला निघाल्यास वंटमुरी घाट उतरल्यावर, आणि पुढे संकेश्वर-निपाणीदरम्यानच्या तवंदी घाटानंतर दार उघडून हात लावून बघावे. चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीकडे जाताना घाट सुरू होण्याआधीच थांबावे, कारण वळणात सुरक्षित थांबायला जागा मिळत नाही. "बेल्ट बघून ये की रे" एवढे म्हणायला चालकाने कंटाळू नये.

ट्रेलर असेल तर वजनाची मांडणीही बघावी लागते. साधारण 60 टक्के वजन आसाच्या पुढे आणि एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार मोटारीला ट्रेलर अडकवतात त्या जोडावर हवा. मागे जास्त भरले की वेगात ट्रेलर झुलू लागतो.

कायमचे स्थलांतर असेल तर कागदांचेही काम असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. केए-22 ची, म्हणजे बेळगावात नोंदलेली गाडी पुण्यात राहणार असेल तर ना-हरकत दाखला निघण्यापूर्वीच मिळवावा.

उतरवताना आधी मागचे पट्टे सोडावेत. पुढचे दोन एकदम सोडले तर दबलेला फोर्क उसळतो आणि गाडी बाजूला पडते. एक माणूस गाडीवर बसलेला असताना, डावा-उजवा थोडा थोडा करतच ते ढिले करावेत.